मेडिकलवर बस, पण ट्रॅकचे हक्क सोडू नकोस

शहाद्याच्या एका मुलाचा प्रश्न आहे. वय चोवीस, बी. फार्म झालंय, चार वर्षं लॅपटॉपवर इलेक्ट्रॉनिक संगीत करतोय. पंधरा-वीस ट्रॅक टाकले, पण एकही दोन-तीनशेच्या पुढे ऐकला जात नाही. घरचे म्हणतात ओळखीच्यांच्या मेडिकलवर बस, मित्र म्हणतात पुण्याला चल. मध्येच अहिराणी गाण्यांच्या एका चॅनलवाल्याने त्याचे सहा बीट ‘एकरकमी, सगळ्या हक्कांसह’ मागितलेत. त्याचं विचारणं एवढंच: दादा, किती वर्षं रेटायचं, आणि आता काय करू?

मेडिकलवर बस. आधी हे, आणि यात घासाघीस नको.

मी जळगावात हेच काम करतो. दिवसा दुसऱ्यांच्या गाण्यांचं प्रोग्रॅमिंग (म्हणजे कॉम्प्युटरवर ठेका आणि वाद्यं बसवणं), दुकानांच्या जाहिराती, शाळांच्या गॅदरिंगचे ट्रॅक, निवडणूक लागली की प्रचाररिक्षांची गाणी. स्वतःचं काम उरलेल्या वेळात. माझ्याबरोबर सुरुवात केलेल्यांपैकी बरेच जण गळाले, आणि त्यांच्यात माझ्याहून सरस कानाचेही होते. गळाले ते कला कमी पडली म्हणून नव्हे. पहिल्याच वर्षी हप्त्यावर स्पीकर, कीबोर्ड, साउंडकार्ड घेतलं, हप्त्यासाठी मिळेल ते काम धरलं, आणि लग्नसराई उलटेपर्यंत कॉम्प्युटर सुरू करायचाच वीट आला. जे टिकले त्यांच्यामागे बघ: कुणाची शाळेत नोकरी, कुणाची बायको कमावती, कुणाची केळीची बाग, कुणाला निदान घरभाडं नाही. बाहेरून चिकाटी दिसते, पण आत बहुतेक वेळा अशी एखादी सोय लावलेली असते. तुझी सोय मेडिकलच्या काउंटरवर आहे.

चरणजित सिंग यांचं नाव तू ऐकलं असशील. १९८२ साली त्यांनी रोलँडच्या तीन यंत्रांवर, म्हणजे ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३ यांवर, डिस्कोच्या ठेक्यात दहा राग बांधून रेकॉर्ड काढली. ती खपली नाही. पुढे त्याच ३०३ च्या आवाजावर शिकागोत ॲसिड हाऊस नावाचं नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत उभं राहिलं, आणि २०१० मध्ये ही रेकॉर्ड परदेशातून पुन्हा निघाली तेव्हा जग चकित झालं. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी युरोपात जाऊन ती वाजवली. लोक ही गोष्ट ‘उशिरा का होईना, फळ मिळतंच’ म्हणून सांगतात. मला ते पटत नाही. अशा न खपलेल्या किती रेकॉर्ड्स कुणाच्या माळ्यावर सडल्या असतील, त्यांची गोष्ट कोण सांगणार? मला त्यात वेगळंच दिसतं. मधली अठ्ठावीस वर्षं त्यांचं घर त्या रेकॉर्डवर चालत नव्हतं. ते हिंदी सिनेमाच्या स्टुडिओंतले नावाजलेले वादक होते. पोट वेगळ्या ठिकाणी भरत होतं, म्हणून ती रेकॉर्ड न खपूनही माणूस मोडला नाही.

तुझे वडील विचारतात ना, ‘यानावर पोट भरस का?’ त्यांना सरळ सांग, नाही भरत, आणि पाच-सहा वर्षं तरी भरणार नाही. तू स्वतःच कबूल केलंस की पुढचं भांडण होत नाही.

आता वेळेचं. मेडिकल रात्री दहाला बंद होतं म्हणतोस, तर रात्री काम करायचं डोक्यातून काढ. दिवसभर गिऱ्हाईक करून आलेला कान रात्री बास आणि ट्रेबल दोन्ही वाढवतो आणि सकाळी ते ऐकवत नाही. पहाटे पाच ते आठ बस. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला टेकतो, दुपारी लॅपटॉपचा पंखा ओरडायला लागतो आणि तापलेला प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. मग ट्रॅक अडखळतो आणि तू प्लगइनला शिव्या घालतोस. पहाटे हा त्रास नाही. शिवाय इथल्या कामाचं वर्ष ओळखून घे. तुळशीचं लग्न लागलं की लग्नाच्या गाण्यांचं काम सुरू होतं ते जूनपर्यंत, श्रावणात आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी, मग गणपती, नवरात्र. आषाढी ते कार्तिकी या चातुर्मासात लग्नं नसतात, त्यामुळे सणांचं काम सोडलं तर हात मोकळे असतात. माझं स्वतःचं जे काही बरं झालंय ते बहुतेक या पावसाळ्यांत झालंय. लग्नसराईत स्वतःचा अल्बम पुरा करायचा हट्ट धरू नकोस. तेव्हा फक्त तुकडे जमव.

विजेबद्दल एकच सांगतो. घरच्या इन्व्हर्टरला मागे ‘यूपीएस मोड’चं बटण असतं, ते बघ. साध्या मोडवर लाइट गेल्यावर इन्व्हर्टर उचलायला जो क्षण घेतो, तेवढ्यात, उद्या लॅपटॉपऐवजी डेस्कटॉप घेतलास तर तो, बंद पडू शकतो. आणि इन्व्हर्टर घेताना साइन वेव्हचाच घे. स्क्वेअर वेव्हवाल्यावर स्पीकरमधून जी घरघर येते ती गाण्यात आहे की भिंतीत, तेच कळत नाही.

तू पाठवलेले तीन ट्रॅक ऐकले. तिन्हींत बास भरमसाठ आहे. तुला तो तसा ऐकू येत नाही, कारण दोष तुझ्या खोलीचा आहे. फोटोत दिसतंय: दहा बाय दहाची खोली, वर पत्रा, आणि टेबल बरोबर मधोमध, पंख्याखाली. आता हिशोब कर. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. दहा फूट म्हणजे तीन मीटरला थोडं जास्त. दोन समोरासमोरच्या भिंतींत जी सगळ्यात लांब लहर अडकते तिचा स्वर सुमारे ५६ हर्ट्झला पडतो. तो भिंतीजवळ फुगतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. त्यात तुझी खोली चौरस, म्हणजे लांबी-रुंदी दोन्हींचा मार एकाच स्वरावर. तुझे दोन ट्रॅक ए मायनरमध्ये आहेत आणि बासचा खालचा ए ५५ हर्ट्झला असतो. नेमका तोच स्वर तुझ्या खुर्चीपाशी गायब होतो. तू फेडर वर नेत जातोस, आणि तोच ट्रॅक गावात वरातीच्या डीजेवर लागला की सगळ्यांच्या छातीत गुरगुरतो.

टेबल एका भिंतीकडे तोंड करून लाव, कान समोरच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर येतील असे, आणि दोन्ही स्पीकर बाजूच्या भिंतींपासून सारख्या अंतरावर ठेव. भिंतीला चिकटवायचा तो पिरॅमिडसारखा फोम आणू नकोस. ५६ हर्ट्झच्या लहरीचा चौथा हिस्साच दीड मीटर भरतो, दोन इंची फोम तिला काय अडवणार? फोमने वरचा आवाज तेवढा मरतो आणि बास आणखी उघडा पडतो. त्यापेक्षा आपल्याकडे कापसाला तोटा नाही. गादीवाल्याकडून जाड, घट्ट भरलेल्या गाद्या करून घे आणि चारही कोपऱ्यांत जमिनीपासून वरपर्यंत उभ्या रच. वरच्या बासला आणि पत्र्याच्या झणझणाटाला चांगला फरक पडतो. अगदी खालच्या स्वरांना त्यानेही पूर्ण उतार पडत नाही, म्हणून ५०-६० हर्ट्झचा निर्णय हेडफोनवरच घे. आणि १०० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरला एकसारखं, ठेव. वरातीतली सिस्टीम बहुतेक मोनोवरच चालते आणि तुझा दोन्हीकडे पसरवलेला बास तिथे आपसांत कापला जातो.

सिस्टीमवर तपासायची सोय तर शहाद्यातच आहे. गणपतीच्या आधी डीजेवाले गोडाऊनमध्ये टॉप आणि बेसचे सगळे स्पीकर जोडून बघतात. पेनड्राइव्ह घेऊन जा, चहा पाज, दोन मिनिटं लावू देतात. पुण्या-मुंबईच्या पोरांना एवढी मोठी सिस्टीम तपासायला सहजी मिळत नाही. जाताना कानात प्लग मात्र घाल. ८५ डेसिबलला आठ तास हा कानाचा सोसवणारा हिशोब, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पंधराच मिनिटं उरतात, आणि डीजेसमोर त्याहून जास्तच असतं. एकदा कानात शिट्टी वाजायची थांबेनाशी झाली की बाकीची चिकाटी काय जाळायची आहे?

आता ढोलाचं, कारण तुझ्या तिसऱ्या ट्रॅकमध्ये तो आहे आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते त्याबद्दल. तू होळीत सातपुड्यात जाऊन ढोल रेकॉर्ड केलास हे फार चांगलं केलंस. पण नंतर सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ठोका ग्रिडवर, म्हणजे सारख्या अंतराच्या रेघांवर, नेऊन बसवलास, त्याबरोबर ढोलाचा जीव गेला. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत सोळाव्या हिश्शाचं एक घर १२५ मिलिसेकंदांचं असतं. वाजवणारा माणूस काही ठोके पंधरा-वीस मिलिसेकंद आधी टाकतो, काही मागे ओढतो, आणि दर आवर्तनात हे एकाच जागी होतं. म्हणजे ती चूक नाही, तो त्याचा हिशोब आहे. पाय त्याच्यावर उचलतात. उलटं कर: ढोल हलवू नकोस, त्याच्या ठोक्यांवरून ग्रूव्ह, म्हणजे आधी-मागे पडण्याचा नमुना, काढून घे आणि तुझा हायहॅट, शेकर आणि बास त्यावर बसव. किक तेवढी ग्रिडवर राहिली तरी चालते, दोन्हींच्या ओढाताणीतच मजा आहे.

तुझा दुसरा त्रास, एकाच रात्रीच्या दोन फायली एकमेकींशी सुरात बसत नाहीत. बसणार नाहीत. सातपुड्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीला जा किंवा होळीआधीच्या कुठल्याही भोंगऱ्या बाजारात, ढोलवाले मध्येमध्ये ढोल शेकोटीजवळ धरतात. कातडं तापलं की ताणतं आणि स्वर चढतो, दव पडलं की सैल होऊन उतरतो. म्हणून फायलीला नाव देताना वेळ लिही, आणि ‘शेकल्यावर’ की ‘शेकण्याआधी’ तेही लिही. रेकॉर्डर ढोलापासून आठ-दहा पावलं मागे ठेव, लेव्हल सगळ्यात मोठ्या ठोक्याला उणे १२ डेसिबलच्या आसपास, २४ बिटवर, आणि माइकला केसाळ टोपी घालायची विसरू नकोस. जवळ गेलास तर नुसती थाप मिळते. ढोलाचा घुमारा थोडं लांबून पकडावा लागतो.

आणि ज्यांचा ढोल घेतलास त्यांचं काय? पारंपरिक चालीवर कुणा एकाचा कॉपीराइट नसतो हे खरं, पण वाजवणाऱ्याचा स्वतःच्या वादनावर हक्क असतो, कायद्याने ५० वर्षं. त्यांना विचार, पैसे दे, ट्रॅकच्या माहितीत नाव घाल, आणि संमती त्यांच्याच बोलीत मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेव. आपण ‘आदिवासी बीट’ असं नाव देऊन मोकळे होतो, ते मला आवडत नाही. कुठल्या गावचा, कोणाचा ढोल, एवढं तरी असावं. ‘पारंपरिक’ म्हणून फिरणाऱ्या कितीतरी अहिराणी गाण्यांना कवी आहेत, गायक आहेत, ते जिवंत आहेत. सॅम्पल उचलण्याआधी चौकशी कर.

आता तो चॅनलवाला. अहिराणी गाण्यांना यूट्यूबवर कोटींनी व्ह्यूज मिळतात हे तुला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे. म्हणूनच त्याला ‘सगळे हक्क’ हवेत. एका ट्रॅकमध्ये दोन वेगळ्या मालमत्ता असतात: एक रचना, दुसरं ध्वनिमुद्रण. तू एकटाच सगळं करतोस म्हणून आज दोन्ही तुझ्या आहेत, आणि तो एका ओळीत दोन्ही मागतोय. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, हद्द लिहिली नसेल तर भारतापुरती. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक झालं: रचनाकाराचा रॉयल्टीतला निम्मा वाटा त्याला स्वतःलाही सोडून देता येत नाही, वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कुणाच्या नावे करता येत नाही. चॅनलवाल्याच्या कागदावर ‘रॉयल्टी मागणार नाही’ असं छापलेलं असलं तरी.

पण हा वाटा आपोआप चालत घरी येत नाही. त्यासाठी तुझं नाव ‘संगीतकार’ म्हणून लागलं पाहिजे आणि तू आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायटीचा, सभासद होऊन ती रचना तिथे नोंदवली पाहिजे. इथे आपली पोरं फसतात. गायक चाल गुणगुणतो, पोरगा त्यावर ठेका, बासलाइन, मधले तुकडे सगळं रचतो, आणि खाली नाव येतं ‘प्रोग्रॅमिंग’. प्रोग्रॅमरला मजुरी मिळते, विषय संपला. चाल गायकाची असेल तर तसं मान्य कर. पण तुझ्या तयार बीटवर तो नंतर गाणार असेल, तर संगीतात तुझं नाव अर्ध्या वाट्याने तरी आलंच पाहिजे, आणि हे पैसे घ्यायच्या आधी ठरलं पाहिजे. नंतर कुणी फोन उचलत नाही.

आणखी एक तपास. सहांपैकी कुठल्या बीटमध्ये सॅम्पल पॅकचा, म्हणजे तयार मिळणाऱ्या आवाजांच्या संचातला, लूप जसाच्या तसा आहे का? असेल तर तो ट्रॅक डिस्ट्रिब्यूटरकडून यूट्यूबच्या कंटेंट आयडीला, म्हणजे आवाज ओळखून हक्क सांगणाऱ्या यंत्रणेला, लावू नकोस. तोच लूप जगात हजार जणांनी वापरलेला असतो, मग तुझ्या नावाने त्यांच्यावर क्लेम जातो नाहीतर त्यांचा तुझ्यावर येतो.

ऐकणाऱ्यांच्या आकड्यांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. स्पॉटिफायवर २०२४ पासून, मागच्या बारा महिन्यांत एक हजारापेक्षा कमी वेळा ऐकलेल्या ट्रॅकला रेकॉर्डिंगचे पैसे मिळतच नाहीत. तुझे ट्रॅक त्या रेषेखाली आहेत, तेव्हा रोज डॅशबोर्ड उघडण्याचा उपयोग शून्य. पुढे यूट्यूबचे पैसे सुरू झाले तर कराची माहिती वेळेत भर. अमेरिकेतून पाहिलं गेल्याच्या कमाईवर भारत-अमेरिका कर-करार लागू झाल्यास १५ टक्के कापतात, फॉर्म न भरल्यास त्याहून जास्त. मी दर ट्रॅकला एवढंच बघतो की अनोळखी माणसाने शेवटपर्यंत ऐकला का. दोनशेतले वीस जण शेवटपर्यंत थांबले तर मला पुरतं. तुझे ट्रॅक सात-सात मिनिटांचे आहेत आणि पहिली दीड मिनिटं काही घडत नाही. डीजेला मिसळायला लांब सुरुवात लागते म्हणून तू ती ठेवलीस, हे समजतं. पण तुझे ट्रॅक अजून कुणी डीजे मिसळत नाहीये. लांब आवृत्ती हार्डडिस्कवर राहू दे, साडेतीन मिनिटांची बाहेर सोड.

आणि जे संपवशील त्याचे किक, बास, ढोल असे सुटे भाग वेव्ह फायलींत काढून दोन ठिकाणी ठेव. नुसती प्रोजेक्ट फाइल पुरत नाही. प्लगइनची कंपनी बंद पडते, विंडोज बदलतं, आणि पाच वर्षांनी एखाद्या मालिकेसाठी कुणी ‘गाणं नको, नुसता ठेका द्या’ म्हटलं तर हातात काही नसतं. असं काम खरंच येतं, आणि जुन्या ट्रॅकला येतं. मालकी हातात ठेव म्हणतो ते यासाठी.

पुण्याचं विचारलंस. आता नको. तिथे खोलीचं भाडं आणि मेस भरायला तू पुन्हा कुठल्या तरी मेडिकलवरच बसशील, फक्त पहाटेचे तीन तास जातील आणि ढोल लांब पडेल. वर्षातून दोनदा चार-चार दिवस जा. एखाद्या मिक्सिंग इंजिनिअरला तासाचे पैसे देऊन त्याच्या शेजारी बस, तुझाच ट्रॅक त्याच्या खोलीत ऐक. रात्री कुठे कार्यक्रम असेल तो बघ, कुणाशी ओळख झाली तर फायली इथून पाठवता येतात. ‘इलेक्ट्रॉनिक काय, ते शहरातलं’ असं कुणी म्हणालं तर त्याला सांग, अहमदाबादच्या डिझाइन संस्थेत १९६९ सालीच मूग सिंथेसायझर आला होता आणि तिथे भारतीय रचनाकारांनी टेपवर कामं केली होती. शहाद्याहून अहमदाबाद काही फार लांब नाही.

चॅनलवाल्याला उद्याच फोन कर. सहा नाही, दोन बीट दे, ज्यांत ढोल नाही असे. विकू नकोस, वापरायची परवानगी दे: एका बीटवर एकच अहिराणी गाणं, मुदत तीन वर्षं, त्याच्या चॅनलवर आणि ऑडिओ ॲपवर, संगीतात नाव तुझं, ध्वनिमुद्रणातला बीट तुझा. त्याने सांगितलेल्या एकरकमेतून एका बीटमागे जेवढे पडतात त्याच्या निम्मे पैसे माग, त्याला स्वस्त वाटेल. तो वहीच्या कागदावर लिहून द्यायला तयार झाला तरी चालेल, दोघांच्या सह्या, तारीख आणि दोन साक्षीदार घे. नाहीच म्हणाला तर सोडून दे, लग्नसराईच्या तोंडावर त्याला बीट लागणारच आहेत. सही करण्याआधी कागदाचा फोटो मला पाठव. आणि तिसऱ्या ट्रॅकमधला तो फ्लँजर इफेक्ट काढ, ढोलावर तो अजिबात शोभत नाही.